ससा पाळताय? या चुका टाळा, आणि आधी लेंड्या बघायला शिका

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला फोन आला. "काकू, आमचा ससा सकाळपासून जरा गप्प गप्प आहे." मी विचारलं, लेंड्या टाकल्यात का? पलीकडे शांतता. मग, "म्हणजे?" म्हणजे लेंड्या, बाळा. गोल गोल. आज किती दिसल्या, केवढ्या होत्या? "ते मावशी झाडतात, त्यांना विचारावं लागेल." मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येणार होत्या.

पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या घरात गेली चौदा वर्षं ससे आहेत. मी डॉक्टर नाही. पण ओळखीतून ओळख निघते आणि फोन येतात. जनावर वेगळं, माणसं वेगळी, चुका त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

"आज गप्प आहे, उद्या बघू"

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हिला सगळ्यात जास्त जागा.

आमचा पहिला ससा बंड्या. पांढरा, लाल डोळ्यांचा, स्वभावाने तिरसट. गणपतीचे दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. जावेच्या मुलाने बंड्याला मोदक भरवला. उकडीचा, अख्खा, वर खिरापतीचं खोबरं. गोड म्हटलं की ससा मागेपुढे बघत नाही. त्याने दोन मिनिटांत फडशा पाडला. सगळे हसले, फोटो काढले. मीही हसले.

संध्याकाळी त्याने गवताला तोंड लावलं नाही. मला वाटलं, पोट भरलं असेल. रात्री तो पलंगाखाली कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून बसला होता आणि दातांचा करकर आवाज येत होता. ससा खूश असला की दात वाजवतो एवढं मला माहीत होतं. म्हटलं, लाडात आलाय. लाडातला आवाज हलका असतो आणि डोक्यावरून हात फिरवताना येतो. दुखण्यातला मोठा, सुटा सुटा, आणि कोणी हात लावलेला नसतानाही येतो. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता. मी दिवा घालवून झोपले.

सकाळी त्याच्या खोक्यातला कागद कोरा होता. एक लेंडी नाही. सशाने दिवसाला दोन-तीनशे टाकायच्या असतात, तिथे शून्य.

जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. कुत्र्या-मांजरांसाठी चांगले असतील. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, पोट बिघडलंय, आज उपाशी ठेवा. कुत्र्याला हा सल्ला ठीक आहे. मी तो इमानेइतबारे पाळला आणि दिवसभर वाटीसुद्धा समोर ठेवली नाही.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. ससा ओकू शकत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं, आणि ते पुढे ढकलायचं काम गवताचे जाडेभरडे तंतू करतात. आपलं आंत्रपुच्छ जिथे लोंबतं तिथे सशाला भली मोठी पिशवी असते आणि तिच्यातले जंतू खाल्लेल्याचा उरलेला भाग आंबवतात. तिथे साखर आणि पीठ जाऊन पडलं की भलतेच जंतू माजतात, गॅस धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, थांबलं म्हणून आणखी दुखतं. डॉक्टर याला 'जीआय स्टॅसिस' म्हणतात. दहा-बारा तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, तर ते आजारपण म्हणायचं नाही, ती धावपळीची वेळ. अशा जनावराला आपण होऊन उपाशी ठेवणं म्हणजे बंद पडत आलेल्या गाडीची किल्ली काढून घेणं.

संध्याकाळी कोणीतरी सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांचा नंबर दिला. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि नेमकं गौरी-गणपतीचं विसर्जन. रिक्षा म्हात्रे पुलावर अर्धा तास अडकली. मांडीवर टोपली, टोपलीत बंड्या, बाहेर ताशा. त्याच्या कानांना हात लावला तर गार. डॉक्टरांनी रागावून काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, किती तास झाले? मी म्हटलं, तीस. त्यांचं पेन थांबलं.

कुठे काही अडकलेलं नाही ना हे पाहायला आधी एक्स-रे काढला, मग कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं औषध, आणि घरी दर तीन-चार तासांनी गवताच्या भुकटीची पेज, बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला कागदावर तीन लेंड्या दिसल्या. मिऱ्याएवढ्या, वाकड्यातिकड्या, एकीला केसाचं शेपूट. मी नवऱ्याला उठवून दाखवल्या. त्याने चष्मा लावला, नीट बघितल्या, "अभिनंदन" म्हणाला आणि परत झोपला.

बंड्या त्यानंतर सहा वर्षं जगला. माझी सवय मात्र तेव्हापासूनची: चहाच्या आधी लेंड्या. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, कोरडी. बोटांनी फोडली तर आत भुसा. लहान आणि काळपट झाल्या तर खाणं कमी पडतंय. केसाने माळेसारख्या जोडलेल्या आल्या तर रोज ब्रश फिरवा, केस गळायचे दिवस आहेत. आणि द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या मऊ, चकचकीत, वासाच्या लेंड्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर घाबरून जुलाबाचं औषध आणू नका. त्या ससा एरवी बाहेर येतानाच थेट तोंडाने उचलून खातो. किळस वाटून घेऊ नका, त्याच्या पोषणाचा महत्त्वाचा वाटा त्यात असतो. त्या तशाच पडून राहतात याचा अर्थ बहुधा एवढाच, की तुम्ही त्याला चमचमीत फार घालताय.

औषधाचा विषय निघालाय तर हेही: घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन पाजू नका. माणसाला चालणारं हे औषध सशाला तोंडावाटे दिलं तर पोटातले चांगले जंतू मारून जनावर दगावू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचं फिप्रोनिलही सशाला विष आहे. कानाच्या कडांवर, नाकावर खरुजेच्या खपल्या आल्या तर तेल-हळद करत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा, दोन-तीन डोसांत जाते. आणि डॉक्टर ससा आणायच्या आधी शोधा. फोन करून सरळ विचारा, "तुम्ही ससे बघता का, आणि महिन्याला साधारण किती?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराआधी किती वेळ जातो ते ऐका.

गाजर

ससा आणि गाजर ही जोडी चित्रांच्या पुस्तकातली. गाजरात साखर असते. आठवड्यातून एकदा-दोनदा रुपयाच्या नाण्याएवढी चकती, बस. गाजराचा पाला मात्र उत्तम, आणि तोच भाजीवाले तोडून फेकून देतात. मागितला तर फुकट मिळतो.

ताटातला मोठा वाटा गवताचा हवा. दिवसाला सशाच्या अंगाएवढा ढीग, वाळलेल्या गवताचा. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि दाढा झिजतात त्या गवत आडवं रगडताना. पेलेट, म्हणजे दुकानातलं गोळ्यांचं खाद्य, चावून दात झिजत नाहीत. लोक मात्र वाटीभर पेलेट ओततात, कारण गवत घरभर होतं. होतं. आमच्या सोफ्याच्या फटीतून मी रोज काढते. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी मासे पाळावेत.

टिमोथी गवत ऑनलाइन महाग पडतं हे खरं. मी निम्मं ते आणि निम्मी हरळी देते. दूर्वा म्हणजे हरळीच. मंडईबाहेर जुड्या मिळतात, धुऊन, सावलीत सुकवून द्यायच्या. गणपतीला वाहिलेल्या नकोत, कुंकू आणि अष्टगंध असतं. सोसायटीच्या लॉनवर मशीन फिरवल्यावर पडलेलं गवतही नको, ते पोत्यात आंबायला लागलेलं असतं आणि माळ्याने कशाची फवारणी केली ते माळीही सांगत नाही. लसूणघास, म्हणजे गोठ्यावर घालतात ती, सहा-सात महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ठीक. (नावात लसूण असला तरी तिचा लसणाशी संबंध नाही. खरा लसूण आणि कांदा सशाला अजिबात नको.) मोठ्या सशाला रोज दिली तर तिच्यातलं कॅल्शियम मूत्राशयात गाळासारखं साठतं आणि लघवी पांढरी, चिकट होते.

पाल्यात कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला. रोज दोन-तीन प्रकार, पालक क्वचित. पोळी, भात, बिस्किट, शेव, डाळी, चॉकलेट काही नाही. आमच्या फ्रिजवर पाटी आहे: "सशाला काहीही भरवू नये. 'थोडंसंच' असे म्हणू नये." पाहुणे नाराज होतात. पुण्यात राहून पाटीवर नाराज व्हायचं म्हणजे कमाल आहे.

काचेची गॅलरी आणि गुरुवार

सिंहगड रोडवरच्या एका मैत्रिणीने सशासाठी हौसेने गॅलरी सजवली. सरकत्या काचा, खाली हिरवं प्लॅस्टिकचं गवत, कोपऱ्यात टेबलफॅन. एप्रिलचा शेवट. दोघंही ऑफिसला. "पंखा चालू ठेवलाय ना," ती म्हणायची.

आता पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला गुरुवार आठवायला हवा. देखभालीसाठी लाईट जाते ती बहुतेक गुरुवारी. त्या दिवशी सकाळी दहाला गेली ती दुपारी दोनला आली. पश्चिमेची गॅलरी नव्हती म्हणून निभावलं, नाहीतर एकनंतर ऊन आत आलं असतं. शेजारच्या आजींना काचेतून ससा आडवा पडलेला दिसला, तोंड उघडं, नाक ओलं, श्वास भात्यासारखा. त्यांनी मैत्रिणीला फोन केला, मैत्रिणीने मला. मी म्हटलं, आधी आत फरशीवर आणा, कान ओल्या फडक्याने पुसत राहा, आणि डॉक्टरांकडे निघा. तोवर आजींच्या जावयाने सशाला बर्फाच्या पाण्याच्या बादलीत धरायची तयारी चालवली होती. ते थांबवलं म्हणून बरं. उन्हाने तापलेल्या सशाला असं बुडवलं तर त्या धक्क्यानेच तो जाऊ शकतो.

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पंधरा ते वीस अंशांत तो सुखी असतो, अठ्ठावीसच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आणि पंखा आपल्याला गार वाटतो तो घाम वाळतो म्हणून. ज्याला घामच नाही त्याच्यावर तो गरम वारा फेकतो. पंख्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि प्रत्येक जण "हो का?" म्हणतो.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. एक मोठा जुना माठ आडवा ठेवलाय, बाहेरून ओलं गोणपाट. आमची आताची सशीण चिंगी मार्च ते जून त्यातच राहते, नुसते कान बाहेर. दुसरा ससा गोट्या, त्याला माठ आवडत नाही, त्याला मोरीलगतची शहाबादी फरशी लागते. शिवाय फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठलेल्या असतात, फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवायला. ससा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, गॅलरी फक्त सकाळी सातपर्यंत. बुधवारी रात्री बाटल्या बघायच्या.

वायरी

ससा वायर कुरतडतो ती खोड नव्हे. बिळात मुळं आडवी आली की तो ती तोडतो, तुमचा चार्जर त्याला मूळ वाटतो. ओरडून उपयोग नाही. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जा, लवचीक पीव्हीसी पाइप मीटरवर मिळतो. लांबीला चीर देऊन वायर आत बसवा, भिंतीलगतच्या वायरींना केसिंगपट्टी मारून घ्या. आमचे तीन चार्जर आणि राउटरची एक वायर गेल्यावर मी हे केलं. ससा वाचला हे नशीब. फ्रिजच्या मागची जागा पहिल्याच दिवशी फळीने बंद करा.

"दोन्ही नर आहेत, गॅरंटी"

विकणाऱ्याची गॅरंटी त्याच्या गाडीच्या वळणापर्यंत. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांचं नर-मादी ओळखणं जाणत्यालाही चकवतं, आणि मुळात इतकी लहान पिल्लं घेऊच नयेत, आठ आठवडे आईजवळ हवीत. गाभण काळ महिनाभराचा, आणि व्यायल्यावर लगेच सशीण पुन्हा गाभण राहू शकते. हिशोब तुम्हीच करा. नर-मादी खात्रीने कळेपर्यंत जोडी वेगळी ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून ऑपरेशन करून घ्या. मादीचं तर नक्कीच. न केलेल्या, चार वर्षांपुढच्या सशिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. "निसर्गाच्या विरुद्ध" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असतो, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट कुठल्या निसर्गात येतो?

आता जी चूक दिसली की माझं डोकं फिरतं, ती: मे महिन्यात पोरांनी हट्ट केला म्हणून ससा आणायचा आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की टेकडीवर "मोकळा" सोडायचा. टेकडीवर दिसतो तो रानससा वेगळा प्राणी आहे. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून पाळणं गुन्हा. आपला पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला. टेकडीवर तो एक रात्रसुद्धा काढत नाही, कुत्री आहेत. ससा नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो. पोरगं चौथीत असेल तर बारावीपर्यंत. ही बेरीज आणायच्या आधी करायची.

बाकीच्या गोष्टी भराभर.

आंघोळ घालू नका. कधीच नाही. तो मांजरासारखा स्वतःला साफ ठेवतो. मागचा भाग घाण झाला तर तेवढाच ओल्या फडक्याने पुसा आणि खाण्यात काय चुकलं ते बघा. पावसाळ्यात तर तो भाग रोज बघा, माशा तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात.

कान धरून उचलू नका. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट. त्याची हाडं हलकी आणि मागच्या पायांत जोर भयंकर. हवेत लाथ मारली तर स्वतःचाच मणका मोडून घेतो. शक्यतो उचलूच नका, तुम्ही खाली बसा.

उताणा झोपवून "बघा कसा शांत पडलाय" असे रील करू नका. तो शांत नसतो, मेल्याचं सोंग घेतलेला असतो.

तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात पायांना जखमा होतात. गुळगुळीत टाइलवर पाय घसरतात. सुती सतरंजी अंथरा, दशा कापून.

मांजरांसाठीची गोळे होणारी वाळू नको, खाल्ली तर पोटात फुगते. वर्तमानपत्र आणि त्यावर गवत पुरतं.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. सुती पिशवीत भरून उंच टांगा. कुबट वास आला तर फेका. पैसे गेले म्हणून हळहळत खाऊ घालू नका.

दिवाळीत खिडक्या लावून घ्या, आतल्या खोलीत खोकं ठेवा, खोक्याला दोन दारं असू द्या. एका दाराच्या बिळात सशाला स्वस्थता नसते.

आणि वजन. दर रविवारी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, परातीत बसवून. ससा दुखणं लपवतो, कारण रानात जो लंगडला तो पहिला गेला. पण काट्यावर त्याला लपवता येत नाही. कॅलेंडरच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी मी आकडा लिहिते. गोट्या मागच्या रविवारी १५९० ग्रॅम होता, या रविवारी १५२०. लेंड्या किंचित लहान, गवतातले जाड दांडे उचलून परत खाली टाकतोय, हनुवटी जराशी ओली. दाढ टोचत असणार. उद्या सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे, म्हणून उद्या दुपारपर्यंत मला फोन करू नका. ससा खात नसेल तर मात्र आत्ताच करा, कितीही वाजलेले असोत.